भांडारांची हजेरी

कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजात प्रत्येकाला आपापली कामं आठवतात आणि प्राचार्यांना दुसऱ्यांची. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ती ओपन ॲक्सेसची लिस्ट आपल्या वेबसाइटवर टाका बरं. फुकट असतं ना ते सगळं?"

"हो सर."

"मग झालं तर. दोन तासांचं काम."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ते दोन तास अजून चालू आहेत.

आता, ही ओपन ॲक्सेसची, मुक्त प्रवेशाची भांडारं म्हणजे काय, तर विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी आपल्याकडचे प्रबंध, लेख, अहवाल कुणीही यावं आणि फुकट वाचावं म्हणून इंटरनेटवर मांडून ठेवलेले असतात, ती कोठारं. कोठारं इतकी झाली की त्यांच्याही याद्या कराव्या लागल्या. इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठातून २००५ साली 'ओपनडोअर' निघाली, साउदॅम्प्टनची 'रोअर' त्याच्याही आधीची. एक उघडं दार, दुसरी डरकाळी. दोन्हींत मुशाफिरी करून मी बासष्ट भांडारं निवडली, त्रेसष्टावं आमच्याच कॉलेजचं घातलं, एक्सेलला छान रंग दिले आणि यादी वेबसाइटवर चढवली. पुढच्या सोमवारी कॉमर्सच्या सरांनी त्यातल्या तीन लिंक दाबल्या. तिन्ही उघडल्या नाहीत. उरलेल्या साठ दाबायची तसदी त्यांनी घेतली नाही. बातमीला तीन पुरेशा होत्या.

तेव्हापासून दर सोमवारी अकरा वाजता मी हजेरी घेते. एकेक लिंक दाबायची आणि पुढे शेरा लिहायचा. हजर. गैरहजर. रजेवर, म्हणजे 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी. पत्ता बदलला. आणि एक शेरा मी खास बनवलाय: 'दार उघडं, घरात कोणी नाही'. मुखपृष्ठ झळकतंय, कुलगुरूंचा फोटो आहे, दीपप्रज्वलन आहे, फक्त पीडीएफ उघडत नाही. गैरहजर परवडला, हा नाही.

वर्गात हुशार मुलं असतात तशी इथेही आहेत. भौतिकशास्त्रवाल्यांचं अर्काइव्ह (arXiv) पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली लॉस अलामॉसमध्ये सुरू केलं, पुढे ते कॉर्नेल विद्यापीठात गेलं, पण माझ्या वहीत त्याचा एकही खाडा नाही. स्पेलिंगमध्ये मधे एक्स आहे म्हणून मी फिजिक्सच्या सरांसमोर त्याला 'आरझिव्ह' म्हणाले होते. तो एक्स नसून ग्रीक अक्षर आहे, हे त्यांनी मला सांगितलं; त्यानंतर स्टाफरूममध्ये आणखी किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही. दुसरा गुणी मुलगा जर्मनीतल्या बीलेफेल्डचा. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं 'बेस' हे शोधयंत्र २००४ पासून जगभरची भांडारं धुंडाळतंय. गंमत म्हणजे बीलेफेल्ड नावाचं गावच अस्तित्वात नाही, अशी जर्मनीत जुनी थट्टा आहे. २०१९ साली गावाने वैतागून जाहीर केलं, आम्ही नाही हे सिद्ध करा आणि दहा लाख युरो घेऊन जा. म्हणजे नसलेलं गाव दर सोमवारी हजर, आणि इथे बसने दीड तासावर असलेलं एक भांडार सलग अकरा आठवडे गैरहजर. तिथे फोन केला तर म्हणाले, "ज्यांनी बसवलं ते सर रिटायर झाले." पासवर्डही सरांबरोबरच रिटायर झाला होता.

पण खरी करमणूक पत्त्यांची. बरीचशी भांडारं डीस्पेस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. एमआयटी आणि एचपी कंपनीने ते २००२ मध्ये काढलं. त्यात प्रत्येक प्रबंधाला 'हँडल' म्हणून एक कायमचा क्रमांक मिळतो. हे आपल्या गावाकडच्या पत्त्यासारखं. पुण्यात खोल्या कितीही बदला, मुक्काम पोस्ट तेच. मात्र त्यासाठी संस्थेने आपला आकडा रीतसर नोंदवून घ्यावा लागतो. शोधगंगेचा, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या भांडाराचा, आकडा १०६०३. ज्यांनी नोंदवलेला नाही, त्यांच्याकडे सॉफ्टवेअरबरोबर नमुन्यादाखल आलेला आकडाच राहतो, आणि तो आहे १२३४५६७८९. माझ्या यादीत असे नऊ जण निघाले. नऊ वेगवेगळ्या संस्था, आणि सगळ्यांचा कायमचा पत्ता एकच! लग्नपत्रिकेच्या नमुन्यातलं 'चि. अबक आणि चि. सौ. कां. कखग' तसंच छापून वाटावं, त्यातली ही गत.

बरं, भांडार हजर आहे म्हणून प्रबंध हाती लागेल, असंही नाही. एमएची एक मुलगी लावणीवरचा प्रबंध शोधत आली. देवनागरीत लिहून पाहिलं, शून्य. मग रोमनमध्ये सुरुवात केली. 'लावणी'त व्ही घालायचा की डब्ल्यू, शेवटी आय की डबल ई, आणि मधला 'ण' इंग्रजांना कसा कळवायचा? पाचव्या स्पेलिंगला एक प्रबंध सापडला. उघडला तर तो भाताच्या लावणीवरचा, कृषी विद्यापीठातला. सहाव्याला खरा सापडला. तो युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये टाइप केलेला. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसत होतं. मुलीने दोन ओळी उचलून आपल्या फाइलीत चिकटवल्या तर डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांची रांगोळी उमटली. शिवाय प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ. प्रमाणपत्र उघडलं, प्रतिज्ञापत्र उघडलं, ऋणनिर्देश उघडला. मार्गदर्शकांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांचे आभार आम्ही वाचले. तिला हवं होतं ते चौथं प्रकरण तेवढं उघडलं नाही.

तर अशी मी, जगाच्या चुकांवर लाल रंग फासत बसलेली, आणि एक दिवस टोरांटोहून मेल आला. तिथे शिकणाऱ्या एका मराठी मुलाला आमच्या भांडारातला साखर कारखान्यांवरचा एक जुना प्रबंध हवा होता. 'चार महिने रोज सकाळी लिंक उघडून पाहतोय. आपलं भांडार कायमचं बंद झालं आहे का?'

त्रेसष्टावी ओळ! ती तर कायम हिरवी. मी जागेवरून उठून कॉम्प्युटर लॅबमध्ये गेले. कोपऱ्यातल्या टेबलाखाली आमचा सर्व्हर सुखाने घरघरत होता. मग डोक्यात प्रकाश पडला. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. आमच्या लॅबचे मामा साडेपाचला मेन स्विच बंद करतात आणि मगच कुलूप लावतात.

"मामा, हा एक रात्रीपण चालू ठेवायचा."

"रात्री? रात्री कोण येतंय लायब्ररीत?"

"कॅनडातून येतात."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग आधी कळवत जावा मॅडम. गेट उघडायला थांबीन की."

इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डाला वेगळी लाइन घेतली, स्केचपेनने 'हा बंद करू नये' लिहून चिकटवलं. टोरांटोच्या मुलाला प्रबंध मिळाला, त्याचं आभाराचं पत्र मी सरांना दाखवलं, सरांनी ते नॅकच्या फाइलीत लावलं. तीन आठवडे सुरळीत गेले. मग त्याच मुलाचा पुन्हा मेल: 'मॅडम, परिशिष्ट घ्यायचं राहिलं होतं, आज लिंक बंद दिसते.'

मी तरातरा लॅबमध्ये गेले. टेबलाखालचा सर्व्हर बाहेर काढून पाटावर ठेवला होता. त्याला झेंडूची माळ, वर हळदकुंकू, शेजारी लॅबमधला एकुलता एक स्क्रू ड्रायव्हर, तोही पुजलेला. वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती.

"मामा, अहो, हे बंद का?"

"आज खंडेनवमी ना मॅडम. आज हत्यार चालवत नसतात."

मी परत जागेवर आले, शीट उघडली आणि त्रेसष्टाव्या ओळीपुढे शेरा लिहिला: रजेवर.