तिमोरमुळे उशीर झाला

मंगळवारी दुपारी रायबंदरच्या धक्क्यावर माझी फेरीबोट चुकली. फेरी चुकणं ही काही लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे. चोडणमार्गे मये-डिचोलीला ये-जा करणाऱ्याने चुकलेल्या फेऱ्या मोजायला घेतल्या तर वही संपेल. पण मी पहिला होतो. पुन्हा सांगतो, पहिला. माझ्या स्कूटरचं पुढचं चाक साखळीला टेकलेलं होतं. माझ्यामागच्या तीस-चाळीस दुचाक्या पलीकडे गेल्या, एक सायकलवाला म्हातारा गेला, एक कुत्रं गेलं, आणि मी किलोभर बांगडे घेऊन अलीकडे राहिलो. कारण तिमोर. होय, इंडोनेशियाशेजारचा तो छोटा देश, पूर्व तिमोर.

पणजीत घराच्या फाईलसाठी गेलो होतो. कुठल्या कार्यालयात ते विचारू नका, फाईल अजून तिथेच आहे आणि मला तिची काळजी आहे. "सायब साइटवर गेल्यात" एवढं ऐकून बाहेर पडलो. रिकाम्या हाताने घरी काय जायचं म्हणून बांगडे घेतले, बर्फ घातलेली पिशवी हुकाला अडकवली, वर मराठी वर्तमानपत्राची गुंडाळी खोचली आणि धक्का गाठला. बोट पलीकडे होती. ऊन असं की स्कूटरवर बसून राहिलो असतो तर माझंच सुकं झालं असतं. म्हणून स्कूटर रांगेत उभी करून झाडाच्या सावलीत गेलो. तिथे तो होता.

साठी ओलांडलेला, अर्धी चड्डी, इस्त्रीचा शर्ट, हेल्मेट कोपरात. गोव्यात हेल्मेट कोपरात घालतात. डोक्यावर फक्त पोलीस दिसला की, आणि तेही उपकार केल्यासारखं. त्याने मांडवीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कोणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाला, "गोंय देश आसतें जाल्यार अशें जावचें नाशिल्लें." म्हणजे, गोवा देश असता तर असं झालं नसतं.

मी "हूं" म्हटलं. तिथेच चुकलं.

पुढचं सगळं संभाषण कोंकणीत झालं. मी मराठी करून देतो. आमच्याकडे तशीही वाटणी ठरलेली असते : भांडण कोंकणीत, आरती मराठीत, आणि अर्ज सायबाला येत असेल त्या भाषेत.

"फेरी उशिरा येण्याचा आणि देशाचा काय संबंध?" मी विचारलं.

"संबंध कसा नाही, पात्रांव? देश असता तर ही बोट कोणाची? नौदलाची! नौदल कधी उशिरा येतं?"

मी पलीकडे पाहिलं. आमच्या नौदलाचा रॅम्प अर्धा खाली होता आणि एक खलाशी कठड्यावर बसून काहीतरी खात होता.

"तिमोर बघ," तो म्हणाला. "आमच्यासारखेच पुर्तुगेजांचे. आमच्यासारखेच लहान. झाले की नाही देश? माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला आहे, त्याच्या बाजूच्या खोलीत तिमोरचा माणूस राहतो. काय त्यांचा रुबाब! स्वतःचा झेंडा, स्वतःचा राष्ट्राध्यक्ष, त्याला परत नोबेल."

नोबेल खरं आहे. 1996 साली बिशप बेलो आणि रामुश-होर्ता यांना शांततेचं मिळालं, आणि होर्ता पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण मला वेगळाच प्रश्न पडला.

"स्वतःचा देश आहे तर तो स्विंडनला काय करतो?"

"भाच्याबरोबर गोदामात आहे. खोकी भरतात दोघंही."

"कुठल्या पासपोर्टवर?"

"पुर्तुगेज. भाचाही पुर्तुगेज." इथे त्याला काही खटकेल अशी माझी अपेक्षा होती. त्याला काही खटकलं नाही. "बघ ना," तो म्हणाला, "दोघांचा पासपोर्ट एकच. पण त्याला परत जायला देश आहे."

भाच्याला परत जायला निदान ताळगावात फ्लॅट तरी असेल, हे मी मनात म्हणालो. वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. पण मला एक खोड आहे. समोरचा ठामपणे चुकत असला की माझ्या तळपायाला खाज सुटते. शाळेपासून. या खोडीने मला आजवर एक बढती, दोन मेव्हणे आणि मंगळवारची फेरी एवढ्याला मुकवलं आहे.

मी सुरुवात केली. म्हटलं, तिमोरने 28 नोव्हेंबर 1975 ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य आत आलं. नऊ दिवस. आमच्या नव्या रस्त्यावरचं डांबरही त्याहून जास्त टिकतं. मग चोवीस वर्षं मारझोड, उपासमार. 1999 च्या ऑगस्टात मतदान झालं, 78.5 टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायला कौल दिला, त्याबद्दल त्यांची घरंदारं जाळली गेली. देश झाला तो 2002 च्या 20 मे रोजी. आणि 2006 साली त्यांच्याच सैन्यातले लोक त्यांच्याच लोकांशी भांडले, आणि राजधानीतली माणसं पुन्हा तंबूत.

तो शांतपणे ऐकत होता. "पण भांडले ते आपसांतच ना?" तो म्हणाला. "भायल्यांकडे गेले नाहीत ना भांडायला?"

"त्यांना स्वतःचं चलन नाही. अमेरिकन डॉलर वापरतात."

"डॉलर?" त्याने कौतुकाने मान हलवली. "बघ, किती पुढे गेले!"

मी दक्षिण सुदान काढला. 2011 च्या जानेवारीत जवळपास 99 टक्के लोक वेगळं व्हायचं म्हणाले, जुलैत देश झाला, 2013 च्या डिसेंबरात यादवी. तेल यांचं, पण ते विकायला नेणारी पाइपलाइन जुन्या धन्याच्या दारातून.

"कारण त्यांना समुद्र नाही," तो म्हणाला. "आपल्याला आहे. सिंगापूर घे."

सिंगापूर बाहेर पडलं नाही, 1965 साली त्याला मलेशियाने बाहेर काढलं आणि ली कुआन यू टीव्हीवर रडले, हे मी सांगितलं. पिण्याचं पाणी ते अजून मलेशियातल्या जोहोरकडून घेतात, हेही सांगितलं. मग मला वाटलं हाच खिळा ठोकावा. समोरच्या पाण्याकडे बोट केलं. "ही मांडवी. वर तिला म्हादई म्हणतात. उगम कर्नाटकात. लवादाने 2018 साली वाटणी केली, आम्हाला 24 टीएमसी, त्यांना 13.42, आणि तरी भांडण चालूच. एका देशात असून ही गत. उद्या तुमचा देश झाला आणि त्यांनी वर बांध घातला तर?"

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं जिंकलो.

"बांध घातला," तो म्हणाला, "तर पाणी कमी होईल. मग फेरी लागणारच नाही. चालत जाता येईल."

या माणसाशी बोलणं थांबवायची ही शेवटची संधी होती. पण तेवढ्यात त्याची नजर माझ्या स्कूटरवर, बांगड्यांवरच्या वर्तमानपत्रावर गेली.

"अच्छा! मराठीवाले!" त्याचा सूर बदलला. "म्हणजे फुलवाले तुम्ही. महाराष्ट्रात विलीन व्हायला निघालेले. भायल्यांनी आम्हाला देशाचं शिकवू नये."

भायला. बाहेरचा. माझ्या आजोबांचे आजोबा मयेत पुरलेले नाहीत हे खरं, कारण आमच्यात जाळतात. पण जाळले मयेतच. 1967 च्या 16 जानेवारीला जनमत कौल झाला, फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

"34,021 मतांनी हरलात," तो म्हणाला. आकडा पाठ होता. "त्यातलं एक माझ्या आईचं."

"आणि हरलेल्यातलं एक माझ्या आजोबांचं. बरं मग? घर अजून त्यांच्या नावावर नाही!"

हे मी जरा जोरात म्हणालो. दोन-चार लोक वळून बघायला लागले. हा लेख खरं तर विनोदी व्हायचा होता, पण आता निघालंच आहे तर सांगतो. आमचं मये म्हणजे पोर्तुगीज राजवटीत एका कोंदाला, म्हणजे सरदाराला, देऊन टाकलेलं गाव. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, लोक नाचले, आजोबाही नाचले. कोंदाची मंडळी पोर्तुगालला. मग 1964 च्या कायद्याने ती जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि तिच्यावर कस्टोडियन आला. धनी गेला, राखणदार आला, आणि राहणारे राहतच होते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र कोणी दुसराच. आजोबा म्हणायचे, पूर्वी कौल फुटलं तर कोंदाच्या मुनीमाकडे जायचो, आता सायबाकडे. मुनीम निदान घरी असायचा. 2014 साली कायदा करून ते जुने हक्क रद्द केले, काहींना सनदा मिळाल्या, माझी फाईल साइटवर गेलेल्या सायबाची वाट बघते आहे. गावातले लोक अजूनही म्हणतात, गोवा मुक्त झाला, मये व्हायचं आहे. आणि हा मला तिमोर सांगतो.

मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो ओशाळेल असं वाटलं होतं.

"म्हणजे बघ," तो आनंदाने म्हणाला, "तुम्हाला वेगळा देश पाहिजे. मये!"

मग तो हिशेबच मांडू लागला. तळं आहे, देवी आहे, लोह आहे. (बऱ्याच खाणी बंद आहेत, मी म्हटलं. देश झाला की सुरू करायच्या, तो म्हणाला.) राजभाषा कुठली, तो विचारू लागला. मी म्हटलं, तिमोरने निदान ते तरी सोडवलं, तेतुम आणि पुर्तुगेज दोन्ही घटनेत घातल्या, आमच्याकडे 1987 पासून कोंकणी राजभाषा आणि मराठी चालेल म्हणून. पुर्तुगेज? तो म्हणाला. हाकललेल्याची भाषा परत घेतली? शक्य नाही. मी म्हटलं दाखवतो. मोबाइल काढला. नेटवर्क एका काडीवर. चक्र फिरतंय, फिरतंय. पान उघडलं. तेतुम, तेतुम, हे बघा, मी वळलो.

तो नव्हता.

शिट्टी झाली होती. बोट लागली होती, उतरणारे उतरले होते, चढणारे चढत होते. साखळीपाशी माझी स्कूटर आडवी आल्यामुळे हॉर्नचा कल्लोळ चालला होता आणि दोन माणसं ती, हुकाच्या पिशवीसकट, उचलून बाजूच्या गवतात ठेवत होती. पाठमोरी होती, पण एकाच्या कोपरात हेल्मेट होतं.

मी ओरडलो. इंजिनांच्या आवाजात कोण ऐकतो? बोट सुटली तेव्हा तो मागच्या कठड्याशी उभा होता. माझ्याकडे बघून त्याने हात केला. रागाने नव्हे. चांगल्या ओळखीच्या माणसाला करतात तसा.

घरी पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते पाणी डिकीच्या फटीतून फाईलच्या झेरॉक्सवर उतरलं होतं. बायकोने पिशवी उघडली, हुंगली आणि विचारलं, "एवढा उशीर?"

"तिमोर," मी म्हणालो. ती मांजराला बोलवायला गेली.

काल पुन्हा पणजीला जाणं झालं. सायब रजेवर. परतताना धक्क्यावर तोच, तीच सावली, तेच कोपर. मला बघताच त्याने मागच्या वाक्यापासून सुरुवात केली. "मग काय, तिमोरात फेरी आहे का?"

आहे. मी शोधून ठेवलं होतं, कारण खोड. ओएकुसी नावाचा त्यांचा एक तुकडा तीन बाजूंनी इंडोनेशियाच्या भूमीने वेढलेला आहे. तिथे राजधानी दिलीहून बोट जाते, रात्रभराचा प्रवास. त्यांच्या जुन्या बोटीचं नाव 'बर्लिन नाक्रोमा', कारण ती जर्मनीने दिली. आणि बोट रोजसुद्धा सुटत नाही.

"पण आपली!" तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. या वेळी स्कूटरवरून उतरलोच नव्हतो, आणि इंजिन चालू होतं.