हॉलंडचं कौतुक करायचंय तर अर्धवट करू नका

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तोच व्हिडिओ टाकतं. हॉलंडमधल्या काचेच्या शेडमधे टोमॅटोच्या लांबच लांब रांगा, मधून रोबोट फिरतोय, आणि खाली लिहिलेलं की महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा देश शेतमाल निर्यातीत जगात दुसरा आणि आपले शेतकरी कर्जमाफीची वाट बघत बसलेत. यावेळी पुण्याच्या मामेभावाने मला टॅग करून विचारलं, तू तर तिथेच राहतोस, सांग ना यांना. तर सांगतो, कारण डोकं फिरलंय.

पहिली गोष्ट म्हणजे तो निर्यातीचा आकडा. 2023 मधे तो साधारण 124 अब्ज यूरो होता, पण त्यातला एक तृतीयांशाहून जास्त माल इथल्या शेतात पिकलेलाच नाही, तो बाहेरून रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि पुढे जातो. त्या मालात आपल्या नाशिकची द्राक्षंही असतात, दर वर्षी मार्च-एप्रिलला मी ती इथल्या जम्बो सुपरमार्केटमधून आणतो. काचेच्या शेडसुद्धा इथल्याच ग्रोनिंगनच्या स्वस्त गॅसवर कित्येक वर्षं तापल्या. आणि फुकटाची सवय म्हणाल तर युरोपियन युनियनच्या बजेटचा जवळपास एक तृतीयांश भाग शेतीवर जातो, शेतकऱ्याला हेक्टरप्रमाणे थेट खात्यात पैसे मिळतात, आणि ते घेताना त्याला कुणी भिकारी म्हणत नाही. आपल्याकडे पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये दिले की लगेच टॅक्स भरणाऱ्यांचे पैसे उधळले म्हणून बोंब.

आता कांद्याचं बघा, मी निफाड तालुक्यातला, मला तेच जास्त कळतं. इथे ऑफिसमधल्या एका मित्राच्या वडिलांची इथल्या झीलंड प्रांतात कांद्याची शेती आहे. एकदा त्यांची शेड पाहिली, छताला लागेल एवढा ढीग, खालच्या फटींमधून पंख्याची हवा, सप्टेंबरला भरलेला माल मे महिन्यात काढला तरी टणक. आमच्याकडची कांदा साठवायची चाळ म्हणजे बांबू-पत्र्याची, उन्हाळ कांदा भरायचा आणि पावसाळाभर दर आठवड्याला सडका निवडून बाहेर फेकायचा. फरक आहेच, नाकारत नाही. पण शेड काय, पैसे असले तर गावी शेती करणारा माझा दादाही बांधेल. त्या माणसाकडे जे आहे आणि दादाकडे नाही ते म्हणजे खात्री. उद्या सकाळी उठल्यावर सरकारने बंदर बंद केलेलं नसेल, एवढी साधी खात्री.

आपल्याकडे 2023 च्या ऑगस्टमधे कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरमधे किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव, टनाला 800 डॉलर केलं, तरी भागेना म्हणून 8 डिसेंबरला निर्यातच बंद. डिसेंबरमधे शेतात असतो लाल कांदा, आणि लाल कांदा टिकत नाही. तो चाळीत भरता येत नाही, काढला की ट्रॉली भरून लासलगावला न्यायचा आणि मिळेल त्या भावाला द्यायचा. भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आले. दादाने विक्रीच्या पट्टीचा फोटो पाठवला होता, हमाली-तोलाई आणि गाडीभाडं वजा केल्यावर जे उरलं त्यात बियाणंही निघालं नसतं. बंदी उठली 2024 च्या 4 मे ला, तीही शुल्क ठेवूनच. तोवर मलेशिया, श्रीलंका, आखातातली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. सेनेगलसारखा देश हॉलंडमधून कांदा घेतो पण स्वतःचा कांदा निघाला की आयात बंद करतो, आपल्या शेतकऱ्यासाठी. आपण आपल्याच शेतकऱ्यावर दार लावतो.

ग्रुपवर सुधारणा सुधारणा म्हणून 2020 च्या ज्या कृषी कायद्यांचं कौतुक चालतं त्यांचंही ऐका. 2020 च्या सप्टेंबरमधे संसदेत कांदा जीवनावश्यक वस्तू कायद्यातल्या साठ्याच्या बंधनांच्या जाचातून मोकळा करायचा कायदा पास झाला आणि त्याच महिन्यात, 14 तारखेला, निर्यातबंदी आली. यावर कोण विश्वास ठेवणार? कांदा महाग झाला की गरिबाचे हाल होतात हे मान्य, पण मग सरकारने तिजोरीतून घालावेत पैसे, ते दादाच्या खिशातून का? आणि शेतकरी मागास आहे म्हणणाऱ्यांनी द्राक्षाकडे बघा. तोच तालुका, तीच माणसं, 2010 मधे द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल अडवला तर फवारणीपासून तपासणीपर्यंत सगळं बदलून पुन्हा उभे राहिले.

यावर मामेभावाचं नेहमीचं उत्तर असतं, एवढं वाटतं तर तू का गेलास? शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले आणि चाकणच्या कांद्यावरून आंदोलन उभं केलं, मी आलो नाही, येणारही नाही बहुतेक, मुलं आता डच शाळेत आहेत. पण सातबारावर दीड एकराला माझं नाव आहे. दादाला गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज काढायचं तर माझी सही लागते, आणि जमिनीचे तुकडे झालेत म्हणून आपण रडतो त्यातला एक तुकडा मीच धरून बसलोय. वहिनीने हक्कसोड पत्राचा, म्हणजे माझा हिस्सा दादाला सोडून देण्याचा, विषय एकदा हळूच काढला होता, दादाने कधीच नाही. इथला पासपोर्ट घेतला तरी वारसाची जमीन ठेवता येते, पण एकदा सोडली की मला नवीन शेत विकत घेता येणार नाही. म्हणून सही केलेली नाही. यात दादाचा काही फायदा नाही हे मला कळतं, पण त्या दीड एकरामुळे कांद्याची बातमी आली की माझं जेवण कडू होतं, आणि पुण्यात फ्लॅटमधे बसून शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचा हक्क मला वाटतो.