अझेलियाला कॉफी पाजणाऱ्यांनो, जरा थांबा

दर मार्चमध्ये आपल्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी ग्रुपांवर तोच फॉरवर्ड फिरतो: इथल्या नेटिव्ह अझेलियाला (वसंतात फुलणारं झुडूप) आम्लधर्मी माती लागते, म्हणून कॉफीचा चोथा घाला, महिन्यातून एकदा व्हिनेगरचं पाणी द्या, आणि नॉर्थ कॅरोलायनाची लाल चिकणमाती बेकार, तेव्हा दोन फूट खड्डा खणून पीट मॉस (दलदलीतलं कुजकं शेवाळ, पिशवीत विकत मिळतं ते) भरा. यातलं आम्लधर्मी मातीचं तेवढं खरंय, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, 7 म्हणजे न्यूट्रल) 4.5 ते 6 च्या मध्ये हवा. पुढचं सगळं गंडलंय.

कॉफी. अहो, आम्ल पाण्यात उतरतं, म्हणजे ते तुमच्या मगात आलं आणि तुम्ही प्यायलात, उरलेला चोथा जवळपास न्यूट्रल असतो. वर जाड थर दिलात तर वाळून पापड होतो आणि पाणी वरून निघून जातं. कंपोस्टात टाका की.

व्हिनेगरचं आम्ल तर मातीतले जीवाणूच थोड्या दिवसांत खाऊन संपवतात, पीएच जैसे थे, आणि जास्त ओतलं तर मुळं भाजणार ते वेगळंच.

आता लाल माती बेकार म्हणणारे. आपण रत्नागिरीची माणसं, तांबड्या मातीला नावं ठेवताना जरा विचार करा ना! इथंही तोच प्रकार आहे, हजारो वर्षांच्या पावसानं कॅल्शियम धुऊन नेलंय, लोह मागे राहिलंय, त्यामुळे हात न लावलेली जमीन बहुतेक वेळा मुळातच आम्लधर्मी असते. इथल्या इनो नदीकाठच्या जंगलात एप्रिलमध्ये गुलाबी पिंक्स्टर, म्हणजे नेटिव्ह अझेलियाचाच एक प्रकार, फुलतो, त्याला कोण एस्प्रेसो देतं? गडबड होते ती घराच्या भिंतीलगत, जिथे बिल्डरनं सिमेंट-मॉर्टर पुरलेलं असतं, किंवा लॉनसाठी लाइम (चुना) टाकलेलं असतं तिथे. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर पीएच वाढून लोह मिळत नाहीये असा संशय घ्या. तिथे उपाय गंधकाचा, पण जीवाणू त्याचं आम्ल करतात त्याला महिने लागतात, घाई नको. आणि हायड्रेंजियाची फुलं निळी करायला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम सल्फेट इथे अजिबात नको.

पण झाड खरं मारतो तो खड्डा. मी स्वतः केलंय हे. पहिलं पीडमाँट अझेलिया (हाही नेटिव्हच) फॉरवर्डप्रमाणे खोल लावलं, भरपूर पीट, रोज पाणी, आणि ऑगस्टमध्ये उपटलं तर मुळं काळी, आंबूस वास, आणि मुळांचा गोळा अजून नर्सरीच्या कुंडीच्याच आकाराचा! चिकणमातीत भुसभुशीत खड्डा म्हणजे हौद, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही, आणि या झाडाची मुळं केसासारखी बारीक, वरच्या वीतभर मातीतच पसरणारी, ती गुदमरतात आणि मग कुजतात.

दुसरं उथळ आणि रुंद खणून लावलं, गोळा बाजूनं मोकळा केला, त्याचा माथा जमिनीच्या दोन-तीन इंच वर ठेवला, भोवती तीच लाल माती पाइनच्या सालीत मिसळून उतरती केली, वर पाइनची पानं पसरली (ती पानं पीएच खाली आणत नाहीत हं, फक्त ओल धरतात). सकाळचं ऊन, दुपारी ओकची सावली. तिसऱ्या वर्षी पानं फुटायच्या आधीच फुललं, आणि वास थेट डेकपर्यंत.

खणायच्या आधी काउंटी एक्सटेन्शनच्या (सरकारी शेती-बागकाम सल्ला केंद्राच्या) ऑफिसातून मातीचा नमुना भरायचे बॉक्स आणा, टेस्ट एप्रिल ते नोव्हेंबर फुकट असते, नंतर 4 डॉलर. माझा पीएच 5.3 आला, काहीही घालायची गरज नव्हती, आणि मी तोवर गॅरेजात अर्धी गोणी पीट आणून ठेवली होती, ती अजून तिथेच आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.