‘रॅमवर खापर’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मधूनच क्रॅश होणाऱ्या प्रोग्राममध्ये दोष रॅमचा की कोडचा हे शोधायला आधी मेमटेस्ट (कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे रॅम, तपासणारा प्रोग्राम) लावा, असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, म्हटलं सकाळी शांत डोक्याने लिहू. पहिल्याच ओळीत तुम्ही एकेरीवर आलात. ना ओळख ना पाळख, आणि "तू कधी प्रोडक्शनचा कोड बघितलायस का?" ही कुठली पद्धत?

तुमचं एक बरोबर आहे. व्हॅलग्राइंडखाली (प्रोग्राम चालू असताना त्याच्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) प्रोग्राम पाचपट हळू होतो असं मी लिहिलं होतं, तो 20-30 पट हळू होतो. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य. "मधूनच क्रॅश होतंय म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावा सांगणं म्हणजे रॅमवर खापर फोडणं, आळशी प्रोग्रामरचं लक्षण." आळशी? 2011 मध्ये पुण्यात एका छोट्या कंपनीत मी पेशंट नोंदणीचं सॉफ्टवेअर सांभाळत होते, सी मधलं, दिवसातून दोनदा पडायचं नाहीतर तीन-तीन दिवस काहीच नाही, आणि पडलं की दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये, "फ्री, इनव्हॅलिड पॉइंटर", म्हणजे वापरून झालेली मेमरी परत करताना (फ्री) पत्ताच चुकीचा. ऑफिसात सगळ्यांचं एकच, मशीन जुनं झालंय, रॅम बदला. मी रात्री मेमटेस्ट लावला, सकाळी एकही एरर नाही, वर दुसऱ्या मशीनवरही तसंच पडलं, तेव्हा कुठे साहेबांनी मला कोडला हात लावू दिला. रॅमला संशयातून बाहेर काढायलाच मेमटेस्ट लावायचा असतो, आणि हे पोस्टमध्ये दुसऱ्याच परिच्छेदात आहे, तुम्ही वाचलंच नाही.

मग व्हॅलग्राइंड लावला, पहिलंच नाव टाकलं आणि "इनव्हॅलिड राइट ऑफ साइझ 1", म्हणजे आपली नसलेल्या जागी एक बाइट लिहिला. नाव कॉपी करताना मॅलॉककडे (मेमरी देणारं फंक्शन) स्ट्रलेनएवढीच, म्हणजे नावाच्या लांबीएवढीच जागा मागितली होती, सी मध्ये मजकूर संपल्याची खूण म्हणून लागणाऱ्या शेवटच्या शून्याचा एक बाइट विसरलेला. मग रोज का नाही पडायचं? तर 64 बिट लिनक्सवर ग्लिबसीकडे (मॅलॉक ज्यात असतं ती सी ची लायब्ररी) 18 बाइट मागा की 24 मागा, मिळतात 24च. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) 3 बाइट. "सुनीता" 18, निभावून जायची. "रामचंद्र" मोजा, र, काना, म, च, अनुस्वार, द, हलंत, र. आठ चिन्हं, बरोबर 24. शून्य जातं पंचविसाव्या बाइटवर, तिथे शेजारच्या ब्लॉकची (मेमरीच्या पुढच्या तुकड्याची) साइझ लिहिलेली असते. तो ब्लॉक लहान असला की साइझच 0 होऊन बसते, आणि पडतं ते तो ब्लॉक फ्री होईल तेव्हा, दोन तासांनी, ज्याचा नावाशी काही संबंध नाही अशा फंक्शनमध्ये. रामचंद्र बिचारा तोपर्यंत डॉक्टरांना भेटून घरी गेलेला असायचा. हे मी स्वतः शोधलंय, आणि तुम्ही मला आळशी म्हणताय.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने (कंपायलरमधलंच मेमरीच्या चुका पकडणारं साधन) मिनिटात सापडलं असतं म्हणता, तो जीसीसी या कंपायलरमध्ये आला 4.8 ला, 2013 साली. कोअर डंप, वॉचपॉइंट हे चुका शोधायचे बाकीचे मार्ग ठीक आहेत, पोस्टचा विषय तो नव्हता.

पुढची प्रतिक्रिया अहो-जाहोने लिहिलीत तर नक्की उत्तर देईन. नाहीतर ती प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.