रचना म्हणजे औषध नव्हे

गेले काही महिने एक मजकूर फिरून फिरून माझ्याकडे येतोय. कधी जुना विद्यार्थी पाठवतो, कधी एखादा नातेवाईक, आणि खाली प्रश्न असतो: हे खरं आहे का? मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामने प्रथिनांच्या रचनेचं, म्हणजे त्यांच्या त्रिमितीय आकाराचं, कोडं कायमचं सोडवलं. त्यामुळे एकेका प्रथिनामागे हयात घालवणाऱ्या शास्त्रज्ञांचे कष्ट पाण्यात गेले. रचना हाती आली की संगणक रातोरात औषध शोधून देतो. तेव्हा तरुणांनी संगणकीय औषधसंशोधनाच्या वाटेला जाऊ नये.

मी वीसेक वर्षं हेच काम करतोय. प्रथिनाची रचना समोर घ्यायची, तिच्यातली खाच हेरायची, त्या खाचेत बसेल असा रेणू संगणकावर शोधायचा आणि तो खरंच बसतो का हे प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांकडून ऐकायचं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'कोडं कायमचं सोडवलं.' यात मोठं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या क्रमावरून प्रथिनाचा आकार ओळखण्याची कॅस्प नावाची चाचणी १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. प्रयोगाने सापडलेली पण जाहीर न झालेली उत्तरं झाकून ठेवतात आणि सगळ्यांना एकच पेपर देतात. २०२० च्या चाचणीत अल्फाफोल्डच्या गुणांचा मध्यक १०० पैकी ९२.४ होता. नव्वदीच्या घरातला अंदाज प्रयोगाच्या तोडीचा मानला जातो. त्याआधी अवघड प्रथिनांपुढे आम्ही सगळेच चाचपडत होतो. अल्फाफोल्डमागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो रास्तच.

पण 'कायमचं' हा शब्द टिकत नाही. २०२१ मध्ये मानवी प्रथिनांचे अंदाज प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रोग्रामला खात्री होती ती सुमारे ५८ टक्के अमिनो आम्लांच्या जागांची. अगदी पक्की खात्री ३६ टक्क्यांचीच. हे आकडे अल्फाफोल्डच्या निर्मात्यांनी स्वतः दिलेत. चित्रात ती खात्री रंगांनी दाखवतात: गडद निळा म्हणजे पक्कं, फिकट निळा बऱ्यापैकी, पिवळा डळमळीत आणि नारिंगी म्हणजे यावर विसंबू नका. फिरणाऱ्या मजकुरासोबत जे चित्र आहे, त्यातही एक लांबलचक नारिंगी पट्टी निळ्या गाभ्याभोवती वेटोळं घालून बसलेली आहे. अशा पुष्कळ भागांना मुळात ठरलेला आकारच नसतो. जोडीदार रेणू भेटला की ते आकार घेतात.

'कष्ट पाण्यात गेले.' हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनला हात घातला १९३० च्या दशकात आणि रचना हाती लागली १९६० च्या सुमाराला. १९७१ मध्ये प्रयोगाने सापडलेल्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. अल्फाफोल्ड शिकलं ते तिथे साठत गेलेल्या सुमारे १,७०,००० रचनांवर. प्रत्येकीमागे कुणीतरी प्रथिन शुद्ध केलंय, पुष्कळांमागे स्फटिक येण्याची महिनोन्‌महिने वाट पाहिलीय, आले ते क्ष-किरणांखाली कुचकामी निघाले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय. ही पुंजी नसती तर या प्रोग्रामला शिकायला काही उरलंच नसतं.

आणि आपले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन? १९६३ मध्ये त्यांनी, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनाच्या कण्यातल्या फाय आणि साय या दोन कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत याचा नकाशा मांडला. अट साधी होती: अणू एकमेकांच्या अंगावर येता कामा नयेत. डेटा बँकेत येणारी प्रथिनांची रचना आजही त्या नकाशावर तपासली जाते. अल्फाफोल्डने दिलेला आकारसुद्धा मी आधी त्याच नकाशावर टाकून पाहतो.

'संगणक रातोरात औषध शोधून देतो.' इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा गैरसमज या वाक्यात आहे.

रात्रभर डॉकिंग, म्हणजे एकेक रेणू खाचेत बसवून पाहण्याचं संगणकाचं काम, मीही लावतो. सकाळी हाती येते ती गुणांप्रमाणे लावलेली रेणूंची यादी. खोलीच्या तापमानाला बांधणीच्या ऊर्जेत १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढी चूक झाली, तर बांधणीच्या ताकदीचा अंदाज दहापट चुकतो. आमच्या गुणांकनाच्या सूत्रांत एवढी चूक नेहमीची. एकदा आमच्या यादीतले पहिले चाळीस रेणू तपासले आणि चाळीसही कोरडे गेले, एकही प्रथिनाला बांधला गेला नाही. मग खाचेतलं एक हिस्टिडिन, म्हणजे एक अमिनो आम्ल, नीट पाहिलं. त्याच्या कड्यात दोन नायट्रोजन असतात आणि हायड्रोजन त्यातल्या कशावर आहे हे नेहमीच्या क्ष-किरण रचनेत दिसत नाही. आम्ही तो चुकीच्या बाजूला धरला होता. एक हायड्रोजन पलीकडे नेला आणि सगळी यादी उलथीपालथी झाली. तळाला पडलेला एक रेणू वर आला, तो प्रयोगात बांधला गेला, तोही कमजोर.

त्यात प्रथिन काही दगडात कोरलेलं नसतं. केरास या प्रथिनाचा कर्करोगाशी असलेला संबंध १९८० च्या दशकापासून माहीत होता. रास कुळातल्या प्रथिनांच्या रचनाही त्याच दशकाच्या शेवटी येऊ लागल्या. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं 'याला औषध लागू होणं शक्य नाही' हाच शेरा, कारण धरायला जागाच दिसत नव्हती. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेने, बाराव्या स्थानी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आलेल्या केरासवर, त्या सिस्टीनच्या गंधकाला जोडले जाणारे रेणू शोधले. स्फटिकात पाहिलं तर रेणू ज्या खाचेत बसला होता, ती आधीच्या रचनांत दिसतच नव्हती. रेणू आत शिरताना ती उघडली होती. याच वाटेने पुढे सोटोरासिब हे कर्करोगावरचं औषध आलं आणि मे २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हातात रचना होती, पण एक रचना पुरेशी नव्हती.

बरं, सगळं जुळून आलं तरी काय होतं ते झानामिव्हिर या फ्लूवरच्या औषधात बघा. फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेज या विकराची रचना १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रिड नावाच्या प्रोग्रामने खाचेतली एक जागा दाखवली, जिथे धन प्रभार असलेला गट छान बसेल. तिथे ऋण प्रभाराचं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल होतं. संशोधकांनी त्या खाचेत आधीच कमजोर बसणाऱ्या एका रेणूच्या चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल काढून धन प्रभाराचा ग्वानिडिनो गट बसवला आणि बांधणी जबरदस्त वाढली. रचनेवरून औषध घडवण्याचं इतकं सुंदर उदाहरण क्वचित सापडेल. पण प्रभारांनी भरलेला तो रेणू आतड्यातून जेमतेम २ टक्के शोषला जातो. म्हणून १९९९ मध्ये बाजारात आला तो श्वासावाटे ओढायची भुकटी होऊन. पोटातून घ्यायचं ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचंच दुसरं औषध जमायला रेणूचा सांगाडाच वेगळा करावा लागला. विकराच्या खाचेला आतड्याबद्दल काहीच ठाऊक नसतं.

यानंतर यकृत आहे, हृदय आहे, दुष्परिणाम आहेत आणि मुळात हेच प्रथिन रोगाचं कारण आहे का, हा प्रश्न आहे. मानवी चाचण्यांत उतरलेल्या दहा रेणूंपैकी साधारण एकच मान्यतेपर्यंत पोचतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने घडवलेला डीएसपी-११८१ हा रेणू २०२० मध्ये मोठ्या गाजावाजाने मानवी चाचणीत गेला आणि पहिल्या टप्प्यानंतरच थांबवला गेला. याच पद्धतीच्या मदतीने घडलेल्या रेंटोसर्टिबचं मात्र कौतुक करायला हवं: फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरच्या या रेणूच्या दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागाचे आशादायक निष्कर्ष २०२५ मध्ये आले. पण तेही छोट्या चाचणीतून आलेत, रात्रीतून नव्हे.

राहिला तरुणांना दिलेला सल्ला. क्रमावरून आकार काढणं एवढंच ज्याला येतं, त्याचं काम यंत्राने घेतलं हे खरं आहे, आणि ते मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो. पण प्रथिन हलतं कसं, खाचेतलं पाणी कुठे असतं, रेणू बाहेर पडायला किती वेळ लावतो, हे प्रश्न आत्ता कुठे हाताशी आलेत. पूर्वी रचना नाही म्हणून वर्षानुवर्षं अडलेली प्रथिनं आता समोर मांडून बसता येतं. इतकी मोकळी वाट मला माझ्या सुरुवातीच्या काळात मिळाली नव्हती.

नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी मी अल्फाफोल्डची एक रचना उघडून देतो आणि डॉकिंग करू देत नाही. आधी नारिंगी भाग शोधायचे. मग खाचेतलं प्रत्येक हिस्टिडिन पाहायचं आणि हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर ठेवाल ते कारणासकट वहीत लिहायचं. बहुतेकांचा अख्खा दिवस त्यातच जातो.