शेवेच्या डब्यातली बिलं

रविवारी पोहे-जिलबी आटोपली आणि बाबांनी (माझे सासरे, वय ६८) शेवेचा जुना डबा माझ्यापुढे पालथा केला. आत वर्षभराची आईंच्या डायलिसिसची बिलं. "यातलं काही वजा होतं का, बघ गं."

बसले आयकराच्या हिशोबाला; तो एकतर जुन्या, नाहीतर नव्या पद्धतीनं भरता येतो. वर्षाची पेन्शन ९ लाख, एफडीचं व्याज ५ लाख. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शनचे (पेन्शनवरची सरसकट वजावट) ५० हजार, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारे कलम ८०टीटीबीचे ५० हजार, मेडिक्लेम नाही म्हणून उपचारखर्चाचे ८०डीत ५० हजार, किडनीच्या आजारासाठी ८०डीडीबीचा १ लाख. एवढं सगळं वजा करूनही कर सेससकट १,६१,२०० रुपये. नव्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार सोडले तर बाकी काही नाही, आणि कर ८१,९००. बाबांनी मुकाट्यानं बिलं डब्यात भरली, झाकण लावलं.

निम्मा कर वाचतोय, मग रडतेस कशाला, असं विचाराल. बरोबर आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत तर करच नाही, आमच्या रामबागेतले बहुतेक पेन्शनर त्यातच सुटतात. पण बाबांएवढंच उत्पन्न असलेला, रोज सकाळी धडधाकट फिरायला जाणारा माणूसही ८१,९००च भरणार. माझं भांडण इथे आहे. नव्या पद्धतीनं ८०सी (विमा-पीपीएफसारख्या गुंतवणुकीवरची सूट) काढलं, उत्तम झालं. कर वाचवायला मार्चमध्ये नको त्या पॉलिश्या घेणं तरी थांबेल. पण त्याच फटक्यात आजारपणाची सूटही गेली. गुंतवणूक माणूस ठरवून करतो. किडनी काय ठरवून निकामी होते?

मेडिक्लेम का नाही काढला, हेही कुणीतरी विचारेलच. आजार कळल्यावर कोण देतं? सरकारी मोफत उपचारांचं, सगळ्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर. आई ६६च्या.

व्याजाचंही तेच, नव्या पद्धतीत त्यावरची सूट नाही. जुन्या पद्धतीतले ८०टीटीबीचे ५० हजार २०१८च्या बजेटमध्ये आले, अजून तेवढेच आहेत. बाबांच्या एफडीचं व्याज दर महिन्याला थेट डायलिसिसलाच जातं.

मला एवढंच हवंय की नव्या पद्धतीत, ज्यांना विमा नाही अशा ज्येष्ठांसाठी, प्रत्यक्ष उपचारखर्च वजा करायची एक ओळ असावी. रोखीत दिलेला धरू नका, हरकत नाही.

बाबांना यूपीआय शिकवायला मला दीड वर्ष लागलं. उद्या पुन्हा डायलिसिस आहे. "फोननंच भरतो, बिल पक्कं राहतं," म्हणाले. नव्या पद्धतीत त्याचा उपयोग नाही, हे दोनदा सांगून झालंय.