पेशंटला जागं का ठेवतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अँजिओग्राफीच्या वेळी देतात त्या गुंगीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘प्रोपोफॉल देऊन सरळ झोपवता येत असताना पेशंटला जागं ठेवणाऱ्यांच्या काळजाच्या जागी दगड असावा.’ दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मत वेगळं असू शकतं. पण जिला कधी भेटला नाहीत तिच्या काळजाबद्दल बोलायची ही कुठली रीत?

एक चूक आधीच कबूल करते. मनगटातून केलेली अँजिओग्राफी ‘अजिबात दुखत नाही’ असं मी लिहिलं, ते बरोबर नव्हतं. तिथली धमनी आखडली तर हात चांगलाच दुखतो.

आता दगडाबद्दल. 17 वर्षं मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, गुंगी द्यायला पेशंटच्या उशाशी उभी राहते आहे. वयस्कर माणसाला मी 1 मिलिग्रॅम मिडाझोलाम आणि 25 मायक्रोग्रॅम फेंटॅनिलवर सुरुवात करते. मिडाझोलामनं घाबरा झालेला जीव शांत होतो, दुखणं थांबत नाही, त्यासाठी फेंटॅनिल. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, म्हणून थोडं थोडं, वाट बघत द्यायचं. दोन्हींवर उतारा आहे: फ्लुमाझेनिल आणि नॅलॉक्सोन. प्रोपोफॉलवर उतारा नाही, आणि त्यानं बीपी कमी होतं. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या पेशंटचं बीपी घसरलं की खुद्द हृदयालाच रक्त पुरत नाही. शिवाय जागा माणूस ‘छातीत दाब येतोय’ असं सांगू तरी शकतो.

माझ्या वडिलांच्या अँजिओग्राफीला गुंगी सहकाऱ्यानं दिली, पण त्यांचा हात माझ्या हातात होता. पूर्ण वेळ बोलत होते, कॅमेरा फिरला की ‘हे काय गं?’ विचारत होते. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, ‘अगं, आत कधी नेणार आहेत?’ मिडाझोलाममुळे तेवढा वेळ त्यांच्या आठवणीत उमटलाच नव्हता. त्यांना मी यातना दिल्या असं म्हणायचं असेल, तर समोर येऊन म्हणा.

फेंटॅनिलमुळे टिकाग्रेलॉरची (रक्ताची गुठळी होऊ न देणारी) गोळी उशिरा लागू पडते, संमतीपत्र मराठीत नसतं, या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत आत्ता शिरत नाही. लहान मुलांना बहुतेक वेळा पूर्ण झोपवतातच. ते लेखात होतं, शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

पुढच्या आठवड्यात आईची अँजिओग्राफी आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या झोपेत जोरात घोरत असतील, दमा असेल किंवा रोज झोपेची गोळी घेत असतील, तर आत नेण्यापूर्वीच तिथल्या डॉक्टरांना सांगा.